चेसिस वयाने सडत नाही

"पंधरा वर्षांची पिकअप? चेसिस गेली असणार की. इकून टाका, दादा." कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजच्या दारात, शिरोली नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर, फायनान्सवाल्याच्या टेबलापाशी हा सल्ला फुकट मिळतो. देणारा बहुधा गाडीखाली वाकलेला नसतो. त्याने आरसी बुकावरचं साल तेवढं वाचलेलं असतं आणि त्यावरून पोलादाची जाडी मनातल्या मनात मोजलेली असते. ऐकणाऱ्याचे हप्ते मात्र केव्हाच फिटलेले असतात, इंजिनाचं काम दोन वर्षांपूर्वी झालेलं असतं आणि गाडी रोज पहाटे दुधाचे कॅन भरून येते. तरीही त्याच्या मनात किडा वळवळू लागतो. चार महिन्यांत गाडी जाते आणि नव्या गाडीचे हप्ते सुरू होतात.

या सल्ल्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी आहे: कायदा, गंज आणि धूर. तिन्ही वेगळ्या करून पाहिल्या की त्यातली एकच खरी उरते, आणि ती चेसिसची नव्हे.

आधी कायद्याचं, कारण बोलण्याला वजन तिथूनच येतं. दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. ती बंदी तिथल्या हवेसाठी होती. कोल्हापूर राजधानी क्षेत्रात येत नाही. पुढे १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी थांबली. लोकांनी तालुक्याच्या कचेरीतल्या जीपा आवारात उभ्या राहिलेल्या पाहिल्या, पेपरात 'पंधरा वर्षांवरची वाहने भंगारात' असे मथळे आले, आणि सरकारी गाड्यांचा नियम सगळ्यांच्या डोक्यावर बसला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे केंद्राला वाहनांची वयोमर्यादा ठरवता येते हे खरं. नॅशनल परमिटलाही बारा वर्षांची अट आहे. पण जिल्ह्यात आणि राज्यात माल वाहणाऱ्या पिकअपला लागू पडतं ते फिटनेस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग: आठ वर्षांपर्यंत दोन दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. २०२१ च्या स्क्रॅपिंग धोरणाचा पायाही फिटनेसच आहे. व्यावसायिक गाडी चाचणीत नापास झाली की तिचं आयुष्य संपलं, असं ते धोरण म्हणतं. वाढदिवस झाला की संपलं, असं म्हणत नाही.

सरकार जुन्या गाडीवर मेहेरबान आहे असाही याचा अर्थ नाही. महाराष्ट्रात २०१० पासून आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनांना पर्यावरण कर आहे, आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसचं शुल्क केंद्राने कित्येक पटींनी वाढवलं. जुनी गाडी ठेवणं महाग केलंय, बेकायदा नाही. या दोन शब्दांतलं अंतर विकणाऱ्याच्या सोयीने पुसलं जातं.

आता गंजाचं. पोलादाला साल कळत नाही. त्याला कळतं ते पाणी, प्राणवायू आणि मीठ, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही तिन्ही किती तास अंगाला चिकटून राहिली ते. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली असेल आणि पृष्ठभाग स्वच्छ असेल, तर लोखंड फारसं गंजत नाही. कोल्हापूर शहराला वर्षाचे निम्मे महिने तरी अशी कोरडी हवा मिळते. मालवण-वेंगुर्ल्याच्या गाडीला ते सुख नाही. तिथे डिसेंबरातही खारा वारा सुटतो. एकाच साली, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन पिकअप, एक मालवणात मासे वाहणारी आणि एक हातकणंगल्यात कापडाचे गठ्ठे वाहणारी, बारा वर्षांनी शेजारी उभ्या केल्या तर त्यांचं वय एकच म्हणायला जीभ धजणार नाही.

याच शहरात, न्यू पॅलेसच्या संग्रहालयात, राजाराम महाराजांची १९३० च्या दशकातली मेबॅक उभी आहे, आणि शाही दसऱ्याला ती दसरा चौकात येते तेव्हा तिला बघायला गर्दी लोटते. त्या गर्दीतलेच कितीजण दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सांगत असतील, की २०१० ची गाडी आता काही खरी नाही! मेबॅक छपराखाली असते, तिच्यात खताची पोती भरत नाहीत, हे कबूलच. पण मग भांडण छपराशी आणि पोत्यांशी हवं, सालाशी नको.

इथे हुशार मंडळी दुसरा मुद्दा काढतात: कोल्हापूरला समुद्र नाही, त्यामुळे गंजाची भानगड फक्त पश्चिमेच्या पावसाच्या तालुक्यांत. हेही अर्धवटच. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या जवळपास. म्हणून शिरोळची चेसिस ठणठणीत असायला हवी. प्रत्यक्षात कृष्णा-पंचगंगेच्या काठचा शिरोळ तालुका क्षारपड जमिनींसाठी सगळ्या महाराष्ट्रात ओळखला जातो. तिथल्या दत्त साखर कारखान्याला पुढाकार घेऊन जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या टाकण्याची मोहीम काढावी लागली, ती त्या मिठापायीच. शेतातला तोच क्षार काळ्या चिखलातून पिकअपच्या पोटाला चिकटतो. काळी माती पाणी धरून ठेवते, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. बाहेरून वाळलेला, आतून ओला असा तो थर पाट्याच्या ब्रॅकेटमागे, टाकीच्या वर, क्रॉस मेंबरच्या सांध्यात महिनोन् महिने बसून राहतो. चिखलाखाली प्राणवायू कमी पोचतो, कडेला जास्त, आणि या फरकामुळेच चिखलाखालचं पोलाद खाल्लं जातं. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात मिठाच्या पाण्याचा एक थेंब लोखंडावर ठेवून हे दाखवून दिलं होतं: गंजाचं कडं कडेला दिसतं, खड्डा पडतो मधे. गगनबावड्याचा पाऊस निदान धुऊन तरी नेतो. शिरोळचा चिखल मुक्कामाला येतो.

आणि समुद्र नसला तरी समुद्राचं मीठ घाट चढून येतंच. रत्नागिरी, मालवणहून मासळी घेऊन येणाऱ्या गाड्यांच्या हौद्यातून वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी घाटभर ठिबकत असतं, आणि ते फाळक्याच्या फटीतून थेट मागच्या क्रॉस मेंबरवर पडतं. त्याच गाडीत परतीला भाजी भरतात, म्हणून हौदा धुतात. चेसिस कोण धुतो? खताचं तर विचारूच नका. ऊसपट्ट्यात पोत्यांनी जाणारं म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. वजनाने जवळजवळ निम्मं क्लोराइड. मिठातही घातक असतो तो क्लोराइडच. फाटक्या पोत्यातून सांडलेलं मूठभर पोटॅश हौद्याच्या आणि चेसिसच्या मधल्या पॅकिंगमध्ये अडकलं आणि त्यावर जूनचा पहिला पाऊस पडला, की त्या गाडीला किनाऱ्यावर जायची गरज उरत नाही. जनावरं वाहणाऱ्या, शेणखत ओढणाऱ्या गाड्यांची गत वेगळी नाही.

मग पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. दोन्ही वेळा शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली होता. ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांनी ऑइल बदललं, वायरिंग बदललं, सीट उन्हात वाळवल्या. चेसिसच्या बंद पोकळीत शिरलेला गाळ मात्र बहुतेकांच्या गाडीत तसाच राहिला. त्या पोकळीला खालून पाणी जायला कारखान्यानेच भोकं ठेवलेली असतात. त्यातून तार घालून, पाण्याचा झोत सोडून गाळ काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम. ते न केलेली गाडी पाच वर्षांत आतून पोखरली जाते, आणि मग दोष तिच्या वयाला मिळतो.

या सगळ्याहून मोठा गैरसमज डोळ्यांचा आहे. गाडी रॅम्पवर चढते, मालक खाली वाकतो, त्याला जाड, पापुद्रे सुटलेली तांबडी खपली दिसते आणि पोटात गोळा येतो. पण गंज ज्या पोलादातून झाला त्याच्या कित्येक पट जागा व्यापतो, सहापटींपर्यंत. तीन मिलिमीटर जाडीची भीतिदायक खपली म्हणजे खालचं अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपास पोलाद गेलेलं. ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे, पण 'चेसिस गेली' असा निकालही त्यावर देता येत नाही. उलट गुळगुळीत काळ्या रंगाखाली पोलाद कागदासारखं झालेलं असू शकतं.

निकाल द्यायचा तर हातात हातोडी घ्यावी. कोल्हापूरच्या माणसाला ही युक्ती शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कास्टिंगला चीर आहे का हे बघायला त्यावर हातोडी मारून कान देतात: चांगलं कास्टिंग खणखणतं, चिरलेलं बद्द बोलतं. चेसिसचंही तेच. अर्धा किलोची गोल डोक्याची हातोडी, हौद्याच्या मागच्या टोकापासून सुरुवात, दर वितभर अंतरावर एक टोला. आवाज टणक आणि हातोडी उसळून येते तिथे पोलाद आहे. आवाज दबका झाला, खपल्या गळल्या, हातोडी रुतली, तिथे खडूची खूण करावी. मग तारेच्या ब्रशने खपली काढून पाहावं, जमल्यास अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजावी. प्रेशर व्हेसल आणि पाइपांची तपासणी करणाऱ्यांकडे हे यंत्र असतं, आणि औद्योगिक वसाहतींनी वेढलेल्या या शहरात असा माणूस शोधायला सातारा-पुणे गाठावं लागत नाही. पाट्याचा मागचा हँगर, त्याच्या वरची फ्लँज, शेवटचा क्रॉस मेंबर, बॅटरीच्या ट्रेखालचा भाग आणि हौद्याचे यू-बोल्ट जिथे चेसिसला कवटाळतात ती जागा: जुन्या पिकअपचा खरा जन्मदाखला या पाच ठिकाणी लिहिलेला असतो.

'एवढ्या मोठ्या टोयोटाला सुद्धा चेसिस सडल्यामुळे गाड्या परत घ्याव्या लागल्या, मग आपल्या गाडीचं काय घेऊन बसलाय' हेही अलीकडे ऐकू येतं. उदाहरण खरं आहे, निष्कर्ष उलटा. अमेरिकेत विकलेल्या टॅकोमा पिकअपच्या १९९५ ते २००० च्या मॉडेलांना कारखान्यातच गंजरोधक थर नीट लागला नव्हता. २००८ मध्ये टोयोटाने त्यांच्या चेसिसची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली आणि फार सडलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपटीने परत घेतल्या. पुढच्या मॉडेलांसाठी २०१६ मध्ये तडजोड झाली ती ३४० कोटी डॉलरपर्यंतची, सुमारे पंधरा लाख गाड्यांसाठी. त्यात चेसिस बदलून द्यायची कसोटी काय होती? गंजाने पडलेलं दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक. गाडीचं वय फक्त हमीची मुदत मोजायला. चेसिसचा निकाल भोकावर. शिवाय या गाड्या बर्फाच्या रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या प्रदेशांत सडल्या. त्याच गाड्या ॲरिझोनाच्या वाळवंटात ठणठणीत फिरत राहिल्या. टोयोटाचं प्रकरण काही सिद्ध करत असेल तर एवढंच, की थर चुकला आणि मीठ लागलं तर आठ वर्षांची गाडीही जाते.

जुनी गाडी राखणाऱ्यांचीही पाठ थोपटावी असं मात्र नाही. गाडी विका म्हणणाऱ्यांइतकंच नुकसान 'आम्ही गाडीला जपतो' म्हणणाऱ्यांनी केलंय, आणि त्यांचं हत्यार म्हणजे पासिंगच्या आदल्या दिवशीचा काळा रंग. गाडी वॉशिंगला लावायची, खालून झोत मारायचा, ओल्यावरच डिझेल फवारायचं म्हणजे चकाकी येते, आणि दुसऱ्या दिवशी गंजावरून, चिखलावरून, ग्रीसवरून सरसकट काळ्या रंगाचा हात. एमएच ०९ च्या किती पिकअप अशा नटून पासिंगला जातात हे गॅरेजवाल्यांना पक्कं ठाऊक आहे. हा रंग गंज थांबवत नाही, फक्त झाकतो. खालची ओल कोंडली जाते आणि काम आतून चालू राहतं. जाड डांबरी किंवा रबरी अंडरबॉडी कोटिंग तर याचा महागडा अवतार. स्वच्छ, कोरड्या, प्रायमर मारलेल्या पोलादावर ते चांगलं काम करतं, यात वाद नाही. गंजलेल्या जुन्या चेसिसवर मारलं की दोन पावसाळ्यांत कडेला सुटतं, त्याखाली पाण्याचा खिसा तयार होतो, आणि वरून सगळं काळंभोर, निरोगी दिसत राहतं. नव्या गाडीसाठी बनलेली वस्तू जुन्या गाडीला विकणाऱ्याला तरी काय म्हणावं! पैसे दिल्यावर मालकाला समाधान मिळतं, एवढा त्याचा उपयोग.

जळक्या ऑइलचं प्रकरण जरा वेगळं, कारण त्यात अर्धं सत्य आहे. इंजिनातून काढलेलं ऑइल चेसिसला फासायची चाल जुन्या मेस्त्रींची, आणि तेलाचा थर पाणी आणि हवा रोखतो हे त्यांनी अनुभवाने ओळखलं होतं. बर्फाच्या देशांत चेसिसवर तेल किंवा लॅनोलिन फवारण्याचा मोठा धंदा आजही याच तत्त्वावर चालतो. फरक तेलात आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं असतात, धातूचा कीस असतो, कर्करोगाला निमंत्रण देणारी संयुगं असतात. ते रबरी बुश आणि ब्रेकच्या नळ्या फुगवतं, धूळ धरून ठेवतं, आणि पावसात ठिबकून शेतात नाहीतर ओढ्याने पंचगंगेत जातं. त्या नदीच्या तोंडचं पाणी आधीच पळालेलं आहे. शिवाय २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे असं ऑइल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. थर तेलाचा हवा तर तो ताज्या, त्याच कामासाठी बनवलेल्या तेलाचा किंवा मेणाचा असावा. मेस्त्रींचं ज्ञान घ्यावं, त्यांचा डबा घेऊ नये.

मग करायचं काय? दसरा-दिवाळीच्या मधे, पाऊस नक्की गेल्यावर, दोन-तीन दिवस गाडी उभी ठेवायची तयारी हवी. झोताने धुणं पहिलं, पण झोत बाहेरच्या सपाट भागावर नाही. ब्रॅकेटच्या मागे, पोकळीच्या भोकांत, टाकीच्या वर. पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग गाडी उन्हात वाळू द्यायची, पूर्ण एक दिवस. सगळे लोक घाई करतात ती इथेच. सुट्टी खपली हातोडी-छिन्नीने आणि ग्राइंडरच्या तारेच्या ब्रशने उतरवायची. जिथे ब्रश पोचत नाही तिथे गंज बदलणारं रसायन लावायचं. त्यातल्या काहींत फॉस्फोरिक आम्ल असतं, काहींत टॅनिक आम्ल, जे तांबड्या गंजाचं रूपांतर काळ्या, घट्ट संयुगात करतं. हिरडा आणि बाभळीच्या सालीतलं टॅनिन कोल्हापुरी चपलेच्या कातड्याला टिकवतं. तेच कुळ इथे लोखंडाच्या कामी येतं, ही या गावाला साजेशी गंमत. पण रसायनाने सैल खपली घट्ट होत नाही, त्यामुळे आधी घासणं चुकत नाही. त्यावर झिंकयुक्त किंवा दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, मग वरचा रंग. रेड ऑक्साइड स्वस्त पडतो, गेट आणि खिडक्यांना ठीक. दगड-खडी रोज आपटणाऱ्या चेसिसवर तो फार टिकत नाही. शेवटी, बंद पोकळीत लांब नळीने मेण किंवा तेल फवारायचं, आणि पाणी जायची भोकं पुन्हा मोकळी आहेत ना हे बघायचं. हौद्याचे यू-बोल्ट सैल करून पॅकिंगची पट्टी उचलून पाहिली नाही, तर वरचं सगळं काम पन्नास टक्केच झालं. ओल सर्वांत जास्त तिथेच दडते.

पुढची वर्षं सोपी जातात. मासळी, खत, शेणखत वाहिल्यावर त्याच दिवशी साध्या पाण्याने पोट धुणं, वर्षातून एकदा हातोडी, आणि उडालेल्या रंगाची जागच्या जागी डागडुजी.

वेल्डिंगबद्दल मात्र मऊ बोलून चालणार नाही, कारण तिथे जीव जातो. चेसिसचा चॅनेल वाकताना ताण पेलतो तो मुख्यतः वरच्या आणि खालच्या फ्लँजवर. मधल्या उभ्या भागावर तो कमी असतो. म्हणून कारखाना भोकं पाडतो ती मधल्या भागात, फ्लँजला हात लावत नाही. मधल्या भागातला रुपयाएवढा गंजाचा डाग आणि खालच्या फ्लँजच्या कडेचा नखाएवढा खड्डा यांत दुसरा जास्त धोकादायक असतो: माल भरून घाटातून उतरताना चीर सुरू होते ती त्या खड्ड्यातूनच. अशा ठिकाणी चौकोनी पत्र्याचा तुकडा ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग ओढणारा माणूस गाडी दुरुस्त करत नाही, नवी चीर कुठे पडेल ते ठरवून देतो. आडव्या वेल्डच्या कडेला पोलाद तापून बदललेलं असतं आणि सगळा ताण त्याच रेषेवर येतो. पट्टी लावायचीच तर तिची टोकं निमुळती हवीत, वेल्ड फ्लँजच्या कडेपर्यंत नेऊ नये, बॅटरीच्या तारा आधी काढाव्यात आणि क्रॉस मेंबरचे रिव्हेट काढून तिथे वेल्डिंग ठोकू नये. चेसिसला थोडं पिळता यावं म्हणूनच ते रिव्हेट असतात. हे करणारे कारागीर उद्यमनगरात आहेत. कोपऱ्यावरचा ग्रिल बनवणारा त्यांतला नव्हे.

तीन गोष्टींपैकी उरली धुराची, आणि ती खरी आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांची डिझेल गाडी आणि बीएस-३ ची जुनी पिकअप यांच्या धुरात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोल्हापूरच्या चौकांत उभं राहणाऱ्या वाहतूक पोलिसाच्या फुप्फुसांसाठी जुन्या गाड्यांवर बंधनं घातली तर त्याला विरोध करायचं कारण नाही. पण तो युक्तिवाद धुराच्या नावाने करावा, धूर मोजून करावा, आणि ज्याचं इंजिन काळा धूर ओकतं त्याला थांबवावं. गंजाची भीती घालून नवी गाडी गळ्यात मारणं ही पर्यावरणाची सेवा नव्हे. नव्या गाडीतल्या एक टन पोलादामागेही जगात सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो हिशोब विक्रेत्याच्या पत्रकात नसतो.

मालकाचा हिशोब तर आणखी रोकडा. नवी पिकअप रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या घरात जाते. स्क्रॅपिंग धोरणाने जुनीचं मोल नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के सांगितलंय; म्हणजे चाळीस ते साठ हजार, वर नव्या गाडीच्या करात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत. उरलेलं कर्ज. दूध किंवा भाजी वाहणाऱ्या एका गाडीच्या मालकासाठी हा फरक म्हणजे पाच वर्षांचा धंदा सावकाराच्या नावावर. चेसिस खरंच गेली असेल तर हे कर्ज काढायलाच हवं, पर्याय नाही. पण ती गेली आहे की नाही हे सांगणारा माणूस नव्या गाडीवर कमिशन खाणारा नसावा.

सरकारी तपासणीकडेही बोट दाखवायला हवं. स्वयंचलित चाचणी केंद्रांत ब्रेक, सस्पेन्शन, दिवे, धूर यंत्रावर मोजला जातो, आणि हे स्वागतार्हच आहे. चेसिस मात्र अजूनही तपासनीसाच्या नजरेवर सोडलेली, आणि नजरेला काळा रंग फसवतो. ब्रिटनच्या वार्षिक एमओटी चाचणीत गाडीचं वय किती, हा प्रश्न गंजाच्या बाबतीत येत नाही. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट जिथे बसवलेत त्या जागांपासून तीस सेंटिमीटरच्या आत पोलाद सडलंय का, हे मुख्यतः पाहतात, आणि त्यासाठी परीक्षकाला ठोकून, दाबून बघायची मुभा आहे. आपल्याकडे एवढं केलं, हातोडीचे दहा टोले आणि मागच्या हँगरपाशी गेजचं एक माप, तरी पासिंगच्या आदल्या दिवशीचा रंगाचा धंदा बसेल. ज्या मालकाने खरोखर काम केलंय त्याला कागदावर काहीतरी दाखवायला मिळेल. आणि ज्याची चेसिस मेली आहे त्याला वेळेत कळेल.

कारण मेलेली चेसिस असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. हँगरच्या वरची फ्लँज हातोडीखाली फुटली, दोन्ही बाजूंच्या चॅनेलांत एकाच उंचीवर भोकं पडली, किंवा उतारावर रिकामी गाडी उभी केली असता हौदा आणि केबिनमधलं अंतर वर कमी आणि खाली जास्त दिसू लागलं, तर ती दोन हजार सतराची असो की दोन हजार सातची, तिच्यावर एक रुपयाही खर्च करू नये. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी, नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात घ्यावा. काळा रंग मारून, हौद्यात दोन नव्या फळ्या ठोकून, 'इंजिन एकदम कडक' म्हणत आजऱ्याच्या किंवा चंदगडच्या कुणा पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या पोराला ती विकू नये. घाटात माल घेऊन उतरणार आहे तो.